अक्कलकोट रस्त्यावरील दोन डाइंग कारखान्यांसाठी जमिनीतील उष्णतेवरचे गरम पाणी : कामाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

सोलापुरात घरे उबदार ठेवण्याची गरज कोणाला पडत नाही, पण टॉवेल आणि चादरींचे सूत रंगवणाऱ्या कारखान्यांना बारा महिने गरम पाणी लागते. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एकाच गल्लीच्या दोन बाजूंना असलेल्या दोन कारखान्यांनी स्वतंत्र भट्ट्यांऐवजी सामाईक गरम पाणी घ्यायचे ठरवले आणि काम आमच्याकडे आले. आधी गरजेचे मोजमाप केले. दोघांची मिळून रोजची गरज सुमारे १२,००० लिटर निघाली. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांपैकी बहुतेकांचे रंगकाम ६० अंशांना चालते, पण रंग चढल्यानंतरचे साबणकाम ९० ते ९५ अंशांना करावे लागते. जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने ओढून पाण्याला देणाऱ्या यंत्राने, म्हणजे हीट पंपाने, ९५ अंश गाठण्याचा हट्ट धरला असता, तर विजेचा खर्च आवाक्याबाहेर गेला असता. म्हणून ६५ अंशांपर्यंतचे पाणी आम्ही द्यायचे आणि साबणकामासाठी ब्रिकेटचा (दाबून केलेल्या जळणाच्या विटांचा) जुना बेबी, म्हणजे लहान, बॉयलर ठेवायचा, अशी वाटणी सुरुवातीलाच लिहून घेतली.

वर्षाची सरासरी धरली तर टाकीतले पाणी २८ अंशांचे असते. ते ६५ वर नेण्यासाठी रोज सुमारे ५१६ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. त्यावरून ४० किलोवॅटचे यंत्र दिवसाला तेरा तास चालवायचे ठरले.

२ डिसेंबर २०२४

'भूऔष्णिक' म्हटले की खोल भोक पाडून गरम पाणी वर आणायचे, अशी अपेक्षा असते, आणि दोघांपैकी एका कारखानदारांनी तसे विचारलेही. रेक्याविक शहर १९३० पासून झऱ्यांच्या पाण्यावर तापते, मग आपल्याकडे का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. महाराष्ट्रातले गरम झरे प्रामुख्याने कोकणपट्टीत वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे या भागांत आहेत आणि काही जळगावकडे उनपदेवला आहेत. सोलापूरच्या पठाराखाली तसे काही नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडले गेले, त्यात सुमारे ३४० मीटरवर बेसॉल्ट संपून त्याखाली जुना स्फटिकी खडक लागला. आपल्या भागात किलोमीटरमागे २० ते २५ अंशांची वाढ धरली, तर ६५ अंशांसाठी दीड किलोमीटरपेक्षा खाली जावे लागेल, आणि तिथेही उष्णता वर आणणारे पाणी मिळण्याची खात्री नाही. हा विषय इथेच बंद केला.

उथळ भागात दोन पर्याय होते. बोअरचे पाणी उपसून त्यातली उष्णता काढायची आणि ते दुसऱ्या बोअरमध्ये परत सोडायचे, हा स्वस्त मार्ग. पण वसाहतीतल्या बोअर एप्रिल-मेमध्ये कोरड्या पडतात आणि पाणी इतके जड आहे की एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या उष्णता-विनिमयकात क्षार साचतात. म्हणून बंद वेटोळ्याचा मार्ग घेतला : बोअरमध्ये यू आकाराचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप सोडायचा, भोवतालची पोकळी भरून काढायची आणि आतले पाणी फिरते ठेवायचे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरीला खोल विहीर मानले आहे आणि तिच्यावर निर्बंध आहेत. आम्हाला पाणी उपसायचे नव्हते, तरी पुढे वाद नको म्हणून प्रत्येक बोअर ५८ मीटरवर थांबवायची ठरवली. कमी खोलीच्या जास्त बोअर पाडल्याने अंगण जास्त अडते, पण दोन्ही कारखान्यांच्या मागे मोकळी जागा होती.

१८ डिसेंबर २०२४

चाचणीची बोअर झाली. वर काळी माती, मग मुरूम, मग कातळ. साधारण ४० मीटरवर दोन लाव्हाथरांमधला लाल मातीचा पट्टा लागला. पुढे याच पट्ट्याने सर्वांत जास्त त्रास दिला.

पाइप सोडून, बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीने पोकळी भरून काही दिवस थांबलो आणि औष्णिक चाचणी लावली. या चाचणीत ठरावीक शक्तीचा हीटर लावून दोन दिवस-रात्र पाइपातले पाणी फिरवतात आणि तापमान कोणत्या वेगाने चढते त्यावरून खडकाची उष्णतावाहकता काढतात. सगळा हिशेब हीटरची शक्ती स्थिर असण्यावर उभा असतो. आमच्या फेजवर संध्याकाळी दाब १९५ व्होल्टपर्यंत उतरला आणि मध्यरात्रीनंतर २४० वर गेला. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ३ किलोवॅटचा हीटर कधी २.२ तर कधी ३.३ किलोवॅट देत होता. आलेखावर सरळ रेषेऐवजी चढउतार उमटले आणि दोन दिवसांचे आकडे वाया गेले.

६ जानेवारी २०२५

चाचणी पुन्हा घेण्यापूर्वी जमीन मूळ तापमानावर येऊ द्यावी लागते, अन्यथा आधीची उष्णता निकालात मिसळते. आम्ही सुमारे दोन आठवडे थांबलो. या वेळी विजेचा दाब स्थिर ठेवणारा सर्व्हो स्टॅबिलायझर आणि मागे डिझेल जनरेटर ठेवला. हीटर बंद ठेवून नुसते पाणी फिरवले तेव्हा जमिनीचे तापमान २९ अंश भरले. युरोपातील पुस्तकी उदाहरणांत हा आकडा १० ते १२ असतो, त्यामुळे तिथले तयार कोष्टक इथे लावू नये. वाहकता मीटर-अंशामागे १.७ वॅट आली. बेसॉल्टच्या मानाने ती अपेक्षेप्रमाणेच आहे. मात्र नुसत्या बेंटोनाइटमुळे पाइप आणि खडक यांच्यामधला अडथळा फार मोठा निघाला, तेव्हा उरलेल्या बोअरसाठी भरणाच्या मिश्रणात क्वार्ट्झची वाळू घालायची ठरवली. क्रशरवरची कच स्वस्त आणि हाताशी होती, पण ती बेसॉल्टचीच असल्याने वाहकतेत फारसा फरक पडला नसता.

या आकड्यांवरून एकूण १२ बोअर, एकमेकींपासून ६ मीटर अंतरावर, अशी मांडणी निघाली. म्हणजे ६९६ मीटर लांबी आणि मीटरमागे ४० वॅट उष्णता.

२० जानेवारी २०२५

सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात मजूर मिळाले नाहीत. यात्रेचा मेळा, म्हणजे गड्डा, भरलेला असताना काम चालेल, असे वेळापत्रक बाहेरच्या माणसानेच आखावे.

बोअरची गाडी तामिळनाडूची होती आणि हिशेब फुटावर होता. एकामागून एक सगळी भोके पाडून गाडी पुढच्या कामावर न्यायची, ही त्यांची रीत, आणि पाण्याच्या बोअरसाठी ती ठीकच आहे. पहिल्या रात्री त्यांनी तीन भोके पाडली आणि सकाळी आम्ही पाइप सोडायला गेलो, तेव्हा दोन भोकांत पाइप ४१ मीटरच्या आसपास अडला. वरच्या सांध्यातून झिरपलेल्या पाण्याने लाल माती फुगून भोकात ढासळली होती. गाडी पुन्हा लावून ती भोके साफ करावी लागली आणि त्या फुटांचे पैसे दुसऱ्यांदा द्यावे लागले.

त्यानंतर नियम केला की, एक भोक पूर्ण झाले की लगेच पाइप सोडायचा, भरण करायचे आणि मगच गाडी पुढच्या खुणेवर न्यायची. ठेकेदाराने थांबण्याचे वेगळे पैसे मागितले, ते दिले. पाइप आधी पाण्याने भरून घेणे आणि यू-वळणाखाली लोखंडी वजन बांधणे हेही तितकेच गरजेचे आहे, कारण एचडीपीई पाण्यापेक्षा हलके असते आणि पाणी लागलेल्या भोकात रिकामा पाइप वर उसळतो.

९ फेब्रुवारी २०२५

सर्व बोअर भरून झाल्या. भरणाची नळी तळापर्यंत नेऊन मिश्रण खालून वर चढवत आणले, वरून ओतले नाही. वरून ओतल्यास मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि तेवढी लांबी निकामी होते. बोअरमागे सव्वा घनमीटरच्या आत माल लागायला हवा होता. एका बोअरने जवळपास दुप्पट घेतला, म्हणजे तिथे कातळात मोठी फट असावी.

यू-वळण कारखान्यात वितळवून जोडलेलेच आणले होते. वरच्या आडव्या जोडण्यांसाठी मात्र ठिबक सिंचनाच्या दुकानातले दाबून बसवायचे सांधे वापरले गेले होते. ६ बार दाबाच्या चाचणीत त्यांतले दोन गळले. सगळे कापून काढले आणि इलेक्ट्रोफ्यूजनने, म्हणजे विजेने वितळवून, जोडले. जमिनीखाली जाणाऱ्या सांध्यात नटबोल्ट किंवा चुडी असू नये.

२४ फेब्रुवारी २०२५

गल्ली ओलांडून गरम पाणी नेणारी वाहिनी साध्या पीपीआर (प्लास्टिकच्या) पाइपची टाकली होती, लांबी सुमारे ९० मीटर. पहिल्यांदा ६५ अंशांचे पाणी सोडताच ती कंपाउंडच्या भिंतीवरच्या आधारांमधून सापासारखी वळली आणि दोन ठिकाणी क्लॅम्प उखडले. साधा पीपीआर पाइप मीटरमागे एका अंशाला ०.१५ मिलिमीटर वाढतो. ३५ अंशांच्या फरकाला ९० मीटरची वाढ ४७ सेंटिमीटर होते. काचतंतूचा थर असलेला पाइप याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच वाढतो. तो आणला, मध्ये दोन प्रसरण-वळणे दिली आणि वरून उष्णतारोधक चढवला. जुना पाइप थंड पाण्यासाठी वापरात आला, तरी मजुरी आणि क्लॅम्प धरून सुमारे ९० हजार रुपये गेले.

१० मार्च २०२५

हीट पंप सुरू केला आणि तो लगेच बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. कॉम्प्रेसरच्या मोटरीवर जादा भार येत असल्याचा इशारा पॅनेलवर दिसत होता. पुरवठादाराच्या माणसाने आधी वायरिंगला, मग व्होल्टेजला दोष दिला. खरे कारण जमिनीत होते. हे यंत्र थंडगार पाण्यातून उष्णता ओढण्यासाठी बनवलेले असून त्याच्या बाष्पकात, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या भागात, येणाऱ्या पाण्याची मर्यादा २५ अंश आहे. आमच्या बोअरमधून २८ अंशांचे पाणी येत होते, त्यामुळे वायूचा शोषणदाब मर्यादेबाहेर जात होता. स्रोत जास्त गरम असल्याने यंत्र बंद पडावे, ही अडचण थंड देशांतल्या माहितीपत्रकांत सापडत नाही.

बाष्पकातून बाहेर पडणाऱ्या थंड पाण्याचा काही भाग परत आत येणाऱ्या पाण्यात मिसळणारा तीन-तोंडी झडप बसवला आणि आत जाणारे पाणी २२ अंशांच्या वर जाऊ दिले नाही. यंत्र तेव्हापासून या कारणाने बंद पडलेले नाही. ज्यांना सोलापूर, लातूर, विजापूर अशा भागांत हे करायचे असेल, त्यांनी मागणी नोंदवतानाच बाष्पकाची वरची मर्यादा लेखी विचारून घ्यावी.

२१ एप्रिल २०२५

यंत्र रोज तेरा तासांच्या आसपास चालते. सुरुवातीला वापरलेल्या विजेच्या ३.६ पट उष्णता मिळत होती, आता ३.३ पट मिळते. कारण स्पष्ट आहे : बोअरमधून परत येणारे पाणी पहिल्या आठवड्यात २७ अंशांचे होते, ते आता २० वर आले आहे. जमिनीतून रोज सुमारे ३६० युनिट उष्णता आम्ही काढतो आणि तिच्यात परत काहीच टाकत नाही. खालून येणारा उष्णतेचा ओघ इतका क्षीण आहे की या मापात त्याची गणतीच होत नाही. वरून उन्हाने मिळणारी उष्णता एवढ्याशा अंगणात पुरत नाही.

बाहेर ४२ अंश आहेत, तेव्हा यंत्रमागाच्या शेडमधली उष्णता ओढून जमिनीत टाकावी, म्हणजे कामगारांनाही गारवा मिळेल, असा विचार करून शेडच्या एका भागात दोन फॅन-कॉइल, म्हणजे थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा फिरवणारे पंखे, लावले. गारवा मिळाला. पण थंड कॉइलवर हवेतली वाफ निवून तिचे पाणी टपकू लागले, शेडची आर्द्रता उतरली आणि सुती धागा तुटण्याचे प्रमाण वाढले. मागावर सूत चालायचे तर हवा दमट हवी, हे मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरने पहिल्याच दिवशी सांगितले होते. आठवड्यात कॉइल काढले.

१२ जून २०२५

परतीचे पाणी १६ अंश. दराचा हिशेब इथे मांडतो, कारण पुढच्या निर्णयाचे मूळ त्यातच आहे. सर्व आकार धरून आम्हाला वीज युनिटमागे सुमारे ९ रुपयांना पडते. ३.१ पट उष्णता मिळत असेल, तर उष्णतेचे एक युनिट २.९० रुपयांना पडते. ब्रिकेट किलोमागे साडेसहा रुपयांना मिळते आणि जुन्या बॉयलरची कार्यक्षमता पाहता एका किलोतून कामाची २.४ युनिट उष्णता निघते, म्हणजे युनिट २.७० रुपयांना. इतके भांडवल घालून आम्ही भट्टीपेक्षा महाग पाणी देत होतो. जमीन आणखी थंड होत गेली, तर पुढच्या वर्षी हा फरक वाढणार.

गटाराकडे लक्ष गेले ते याच हिशेबामुळे. रंगाच्या टाकीतून सोडलेले पाणी ५२ अंशांचे असते. ते रोज आमच्या डोळ्यांसमोरून वाहत होते आणि आम्ही ५८ मीटर खाली उष्णता शोधत होतो.

१४ जुलै २०२५

गटारातली उष्णता काढायची म्हणजे विनिमयक बसवायचा, एवढे सोपे ते नव्हते. एकाच नालीत गरम रंगपाणी आणि नंतरच्या धुण्याचे थंड पाणी एकत्र पडत होते, आणि मिश्रणाचे तापमान ३६ अंश भरत होते. तेवढ्याने टाकीतले पाणी फारसे तापत नाही. म्हणून प्रत्येक टाकीच्या तळाच्या झडपेला दोन तोंडे दिली, एक गरम खड्ड्याकडे आणि एक जुन्या नालीकडे. झडप कोणत्या वेळी कुठे वळवायचा, हे रंगाऱ्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. हँडलांना लाल आणि निळा रंग दिल्यावर चुका कमी झाल्या.

पहिला विनिमयक प्लेटचा होता. टॉवेलच्या सुताची कुसे त्यात अडकून तो तिसऱ्या दिवशी तुंबला. उघडून धुतला, पुन्हा तुंबला. प्लेटांमधली जागा दोन-तीन मिलिमीटरची असते आणि टेरीच्या, म्हणजे टॉवेलच्या, कामाला ती चालत नाही. तो परत देऊन खड्ड्यातच बुडवायची नळ्यांची वेटोळी बनवून घेतली आणि खड्ड्याच्या तोंडाशी एकामागे एक दोन जाळ्या बसवल्या. नळ्या स्टेनलेस स्टीलच्या ३१६ प्रतीच्या घेतल्या. रंगकामात मीठ भरपूर पडते आणि मिठाच्या गरम पाण्यात ३०४ प्रतीच्या स्टीलला बारीक छिद्रे पडतात. जाळ्या रोज शिफ्ट संपताना हाताने साफ कराव्या लागतात, त्याला पर्याय सापडलेला नाही.

रचना अशी आहे. गरम रंगपाणी आधी टाकीत येणाऱ्या मऊ (क्षार काढलेल्या) पाण्याला २८ वरून ४० अंशांपर्यंत नेते आणि स्वतः ३८ अंशांवर उतरते. त्यानंतर ते दुसऱ्या वेटोळ्यातून बोअरच्या फेऱ्यातील पाण्याला उष्णता देते. हीट पंप चालू असेल, तर ती उष्णता थेट त्याला मिळते आणि बंद असेल तर जमिनीत जाते.

३० ऑगस्ट २०२५

परतीचे पाणी २० अंशांच्या आसपास स्थिर आहे. यंत्र आता नऊ तासांत काम आटोपते, कारण टाकीत येणारे पाणीच ४० अंशांचे असते. जमिनीवरचा निव्वळ भार पूर्वीच्या एक तृतीयांशावर आला आहे. विजेच्या साडेतीन पट उष्णता मिळते.

२९ सप्टेंबर २०२५

सीनेला पूर आला त्या आठवड्यात अंगणातला मॅनिफोल्डचा, म्हणजे सगळ्या बोअरचे पाइप एकत्र येतात त्या जोडणीचा, खड्डा काठोकाठ भरला आणि त्यातील दोन तापमापक निकामी झाले. पाइपांना काही झाले नाही. खड्ड्याचे तोंड जमिनीपासून एक फूट उचलून घेतले. केंद्र सरकारने याच महिन्यात राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले आणि त्यात भूस्रोत हीट पंपांचाही समावेश आहे. आमच्या खर्चात त्याने आज फरक पडत नाही, पण तिसरा कारखाना जोडताना पडू शकेल.

१८ ऑक्टोबर २०२५

खर्च, पूर्णांकात. बोअर अडीच लाख आणि दुबार साफसफाई वेगळी, यू-पाइप एक लाख, भरण सव्वादोन लाख, हीट पंप ११ लाख, टाक्या २.४ लाख, वाहिनी ३.१ लाख आणि वाया गेलेले ९० हजार, पॅनेल व स्टॅबिलायझर १.६ लाख, गटाराचे काम २.२ लाख. चाचण्या आणि किरकोळ धरून एकूण २८ लाखांच्या घरात.

पूर्वी ६५ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी रोज सुमारे १,४०० रुपयांचे ब्रिकेट जळत होते. आता हीट पंप आणि फिरते पंप मिळून १,०३५ रुपयांची वीज लागते. एका शिफ्टचा फायरमन कमी लागतो, पण साबणकामाचा बॉयलर चालूच आहे. हे सगळे धरून पैसे वसूल व्हायला आठ वर्षे लागतील आणि तोवर विजेचा दर वाढणार नाही, असे कोणी समजू नये. गटारातल्या वेटोळ्यांचा हिशेब वेगळा काढला, तर ब्रिकेटच्याच भावाने रोजचे ४५० रुपये वाचतात आणि तो खर्च वीस महिन्यांत फिटतो. ज्यांच्याकडे भांडवल कमी आहे, त्यांनी बोअरच्या गाडीला फोन करण्याआधी टाकीच्या तळाचे झडप बदलावेत. गटाराचे काम आधी झाले असते, तर आमच्या मते १२ ऐवजी आठ बोअर पुरल्या असत्या, कारण सोलापूरच्या जमिनीचा उपयोग उष्णतेची खाण म्हणून होत नाही, दुपारची शिल्लक उष्णता रात्रपाळीसाठी ठेवण्याचे कोठार म्हणून होतो.

तिसऱ्या कारखान्याने जोडणी मागितली आहे. त्यांच्यासाठी नवीन बोअर पाडणार नाही. आधी त्यांच्याकडचे गरम आणि थंड सांडपाणी वेगळे करून द्यायचे, ही अट त्यांना कळवली आहे आणि रस्ता खोदण्याच्या परवानगीचा अर्ज दिला आहे. यंत्राची क्षमता पुरेल की नाही, हे येत्या जानेवारीत टाकीतले पाणी सर्वांत थंड असतानाच्या आकड्यांवर ठरेल.